मोहाच्या महिन्यातली ड्युटी

चैत्राच्या आसपास आमच्या घरात दोन वास एकदम शिरतात. एक मोहाच्या फुलांचा. तो गावाबाहेरच्या रानातून पहाटे येतो आणि ऊन चढलं की विरतो. दुसरा ताज्या झेरॉक्सचा. तो चंद्रपूरहून येतो आणि परीक्षा संपेपर्यंत हटत नाही. एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे, जुन्या नोट्स मागायला येतात आणि स्वतःच्या नव्या नोट्स इथेच विसरून जातात. मग 'नर्सिंग व्यवस्थापन' नावाच्या गठ्ठ्याखालून आम्हाला लोणच्याची बरणी शोधून काढावी लागते. मुली म्हणायचं, एवढंच. त्यातल्या कितीतरी जणींची मुलं दहावीला आहेत, आणि मायलेकरं एकाच महिन्यात परीक्षेला बसतात.

यंदाही त्या आल्या. मोहही पडायला लागला. दोन्ही वास नाकात एकत्र आले की मला सुनंदाच्या परीक्षेचा उन्हाळा आठवतो. त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

आमचं गाव वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या अंगाला. मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो, सुनंदा इथल्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डात सिस्टर. 'सिस्टर' हा लोकांचा शब्द. सरकारी शब्द 'अधिपरिचारिका'. तिच्यावर 'परिसेविका', तिच्याही वर 'अधिसेविका'. ही नावं ज्यानं घडवली तो माणूस संस्कृतात पक्का असावा आणि कधी आजारी पडला नसावा, असं मला वाटतं. रात्री सलाईन संपल्यावर 'अहो अधिपरिचारिका' अशी हाक मारून पाहावी. हाक पुरी होईपर्यंत नळीत रक्त आलेलं असतं.

तर या अधिपरिचारिकेनं चाळिशी उलटल्यावर अध्ययन रजा घेतली आणि ती चंद्रपूरला शिकायला गेली. वॉर्डाच्या इन्चार्ज वनकर सिस्टर दोन वर्षांनी निवृत्त होणार होत्या. मोठी पदवी असली तर ती खुर्ची सुनंदाला मिळेल, असं सगळे म्हणत होते. ती स्वतः तसं म्हणत नव्हती. पण त्या वॉर्डात तिची निम्मी हयात गेली होती आणि बाहेरून कुणीतरी येऊन तो चालवणार ही कल्पना तिला सहन होत नव्हती, एवढं मला कळत होतं.

चंद्रपूरचा उन्हाळा मी तिच्यामुळे जवळून पाहिला. रविवारी एस.टी.नं तिला भेटायला जायचो. दुपारी रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, दिसलाच तर त्याचे फक्त डोळे दिसायचे, बाकी सगळं दुपट्ट्यात. तिच्या खोलीच्या खिडकीवर कोळशाची बारीक काळी धूळ बसायची. ती रोज पुसायची आणि संध्याकाळी त्यावर पुन्हा बोटानं नाव लिहिता यायचं. कूलरचा आवाज एवढा, की प्रश्नोत्तरं ओरडून करावी लागत. मी पुस्तक हातात धरून विचारायचो आणि ती गादीवर मांडी घालून उत्तर द्यायची. व्यवस्थापनाची सात कामं इंग्रजी अक्षरांत बांधलेली होती. नियोजन, संघटन, कर्मचारी नेमणूक, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक. सुनंदा ती अक्षरं भाजी चिरतानाही पुटपुटायची. मी ते पुस्तक बरंच चाळलं. गंभीर, भारदस्त, कुठेही न हसणारं पुस्तक. कितीतरी पानं उलटली तरी त्यात रुग्ण भेटेना. शेवटी एका तक्त्यात भेटला, 'लाभार्थी' या नावानं, सर्वांत खालच्या चौकोनात.

त्याच दिवसांत त्यांच्या कॉलेजात 'नेतृत्व' या विषयावर कार्यशाळा झाली. मी मागच्या रांगेत होतो. समई पंख्याच्या वाऱ्यानं पेटेना म्हणून पंखे बंद केले. मग समई पेटली आणि पाहुण्यांना भोवळ आली. सभागृहात सत्तरएक नर्सेस बसलेल्या. त्यामुळे पाहुण्यांचं जे काही झालं ते फार उत्तम झालं. पाय वर, कॉलर सैल, कपाळावर ओला रुमाल, डोळे उघडताच साखर-मिठाचं पाणी. कुणी कुणाला हुकूम दिला नाही आणि कुणाचीही धांदल उडाली नाही. शुद्धीवर आल्यावर पाहुण्यांनी नेतृत्व म्हणजे काय ते तासभर समजावून सांगितलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक असतं. एखाद्या वॉर्डाचं महिन्याभराचं ड्युटीपत्रक करायचं, ते प्रत्यक्ष चालवून पाहायचं, निरीक्षणं लिहायची. सुनंदानं स्वतःचाच वॉर्ड मागून घेतला आणि ती गावी आली. मोह नुकताच पडू लागला होता आणि त्या वर्षी रोजेही त्याच महिन्यात आले होते.

त्या वॉर्डात दोघीजणी होत्या, त्यांच्याविषयी सांगायला हवं. रेहाना शेख गावातली. तिच्या भावाचं बाजारात बांगड्यांचं दुकान. यशोदा कुमरे रानाकाठच्या एका गावातली, रोज तिथून ये-जा करणारी. मोहाच्या महिन्यात यशोदाच्या गावात पहाटे कुणी घरात नसतं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. फूल रात्री सुटतं आणि उजाडताना पडतं. ऊन यायच्या आत, गुरं आणि अस्वलं यायच्या आत ते वेचायचं. सरकारी नोकरी लागली म्हणून सून वेचायला येणार नाही, असं म्हणायची तिकडे रीत नाही. शिवाय आता त्या रानात वाघांचं येणंजाणं वाढलेलं. बायका जोडीनं वेचतात, एकीनं वाकायचं तेव्हा दुसरीनं पाहायचं. यशोदाच्या घरी वेचणाऱ्या दोघीच, ती आणि तिची सासू. यशोदाची रात्रपाळी असली की सासू शेजारणींची झाडं आटपेपर्यंत थांबायची आणि निम्मं फूल गुरांना जायचं.

म्हणून त्या महिन्यात यशोदा सातच्या ड्युटीवर सातला येत नसे. रात्रपाळीला रेहाना असली तर ती थांबायची. एखाद्या बाईची वेणी घालून द्यायची, ड्रेसिंगचा ट्रे लावून ठेवायची, यशोदा आली की पर्स उचलून निघायची. आणि ज्या आठवड्यात रेहानाची दुपारपाळी आणि यशोदाची रात्रपाळी, त्या आठवड्यात यशोदा आठऐवजी सूर्य मावळायच्या आत वॉर्डात हजर असे, म्हणजे रेहानाला रोजा घरी, आपल्या माणसांत सोडता यावा. थोड्या वेळानं रेहानाचा भाऊ घरून दुकानाकडे परतता परतता यशोदासाठी भज्यांचा डबा देऊन जायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. वनकर सिस्टरना माहीत होतं आणि त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. सुनंदाही त्याच वॉर्डातली, तिनंही दोघींसाठी कितीदा असं थांबून घेतलं होतं.

चंद्रपूरहून तिच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. भल्या बाई. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "ही तर अनौपचारिक व्यवस्था आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती औपचारिक करा. कर्मचाऱ्यांच्या गरजेनुसार वेळा. परीक्षकांना हेच हवं असतं."

सुनंदाला ते मनापासून पटलं. आजवर चोरून चाललेलं ती उघड, सन्मानानं करून देणार होती. तिनं पत्रक केलं. यशोदाची सकाळ साडेआठपासून, रेहानाची रात्रपाळी सकाळी साडेआठपर्यंत. दुपारपाळीचंही तसंच. पुस्तकात म्हटलं होतं की बदलाचं कारण नोंदवावं, म्हणून शेवटच्या रकान्यात कारण. रेहानाच्या नावापुढे 'रमजान'. यशोदाच्या नावापुढे 'मोह वेचणी'. शुद्धलेखन मी तपासलं, त्यात एकही चूक नव्हती. डॉक्टरांची सही झाली, कागदाला प्लॅस्टिक चढलं, आणि तो बाहेरच्या बोर्डावर लागला, जिथे सगळी ओपीडी रांगेत उभी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा निरीक्षणाची वही घेऊन वॉर्डात उभी राहिली. सातच्या ठोक्याला यशोदा आली. परीटघडीचा युनिफॉर्म, चापून बसवलेले केस.

"काऊन गं?" सुनंदा म्हणाली. "तुझी तं साडेआठची वेळ आहे."

"नाई. सातची ड्युटी, सातले आली."

"अन् मोह?"

"मोहाचं मोह पाहून घेईन. तुमी बोर्डावर टांगून ठेवलं मले. काल तो ओपीडीच्या चिठ्ठ्या फाडणारा पोरगा सगळ्या लाईनीसमोर म्हणते, कुमरे सिस्टरले मोहाची सूट भेटली, मंग आमाले पहिल्या धारेची कधी भेटन?"

आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. इथे मोह म्हटलं की सरकारी माणसाला आधी भट्टी आठवते, मग झाड. आणि यशोदासारख्या आदिवासी बाईच्या नावापुढे 'मोह' लिहून ते भिंतीवर लावलं की वाचणारा काय वाचतो, हे आम्हा दोघा शिकलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सुनंदा रेहानाकडे वळली. ती टेबलाशी पर्स मांडीवर घेऊन घड्याळाकडे पाहत बसली होती.

"तू जा घरी. यशोदा आली ना."

"नाई मॅडम," रेहाना म्हणाली. "ऑर्डर साडेआठची आहे."

"अगं, ताई सोडून मॅडम काय म्हणते मले?"

"बोर्डावर ज्याची ऑर्डर लागते त्याले मॅडमच म्हणतात." मग आवाज न चढवता, "मी आतापर्यंत तिच्यासाठी थांबत होती. आता बोर्डासाठी थांबून राह्यली. फरक आहे ना मॅडम."

साडेआठ वाजले तशी ती उठली आणि निघून गेली. तोवर तिनं कुणाची वेणी घातली नाही, ट्रे लावला नाही.

पुढचे काही दिवस वॉर्ड अगदी घड्याळाप्रमाणे चालला. सुनंदाच्या वहीत शिस्तीची निरीक्षणं भरभरून उतरली. यशोदा सातला येई, रेहाना मिनिटावर निघे, आणि दोघी एकमेकींशी रुग्णाच्या औषधापलीकडे बोलत नसत, कारण आता कोण कुणाचं देणं लागतं हेच कळेनासं झालं होतं. पत्रक काढून टाकलं तरी चिठ्ठ्या फाडणाऱ्याचं बोलणं थोडंच निघणार होतं? तरी सुनंदानं ते काढलं. कुणाला फरक पडला नाही. दोघीही तिला मॅडमच म्हणत राहिल्या.

घरी ती पोळ्या लाटता लाटता थांबायची. "पास होईन मी," ती म्हणाली एकदा. "वनकरबाईंची खुर्चीही देतील. पण या दोघी मॅडम म्हणत राहिल्या तर त्या वॉर्डात मी करू काय? आणि यशोदा ड्युटीला निघाली की तिची सासू रानात एकटी उरते हो. मला ते डोळ्यांपुढून हलत नाही."

मी नवऱ्यानं द्यायचा तो सल्ला दिला. माफी माग म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "माफी मागितली तर ती म्हणेल, असू द्या मॅडम. मग?"

एका पहाटे तिनं मला उठवलं आणि स्कूटर काढायला लावली.

यशोदाच्या गावाबाहेर पोहोचलो तेव्हा आकाश नुकतं राखी होत होतं. वास एवढा दाट, की तो घशाखाली उतरतो आहे असं वाटावं. गोड, पण थोडा आंबूस, थोडा घरातल्या जुन्या धान्याच्या कोठीसारखा. झाडाखालची जमीन पानं झाडून अंगणासारखी स्वच्छ केलेली आणि तिच्यावर फिकट पिवळी फुलं पडत होती. पडताना ऐकू यायची. फूल म्हणावं तर पाकळ्या उमललेल्या नसतात, फळ म्हणावं तर आत बी नसतं. बोटात धरलं की मऊ, चिकट, आणि अजून रात्रीचं गार. माझ्या चपलेला चारदोन चिकटली, तर यशोदाची सासू म्हणाली, "मास्तर, पायानं नको नेऊ, टोपलीत टाक." सगळे हसले. सुनंदा मात्र हसली नाही.

यशोदा निघायच्या तयारीत होती. पिशवी खांद्याला, युनिफॉर्म पिशवीत. झाडाखालचं निम्मं अजून वेचायचं होतं. शेजारच्या बायका वेचत वेचत लांबच्या झाडांकडे गेल्या होत्या.

"मॅडम, तुमी?" ती म्हणाली. "वार्डात काही झालं का?"

"काही नाई झालं," सुनंदा म्हणाली, खाली बसली आणि वेचू लागली.

मीही बसलो. म्हातारी अधूनमधून मान वर करून झाडीकडे पाही, आणि मग सुनंदाही पाहू लागली. एक वाकलेली असेल तेव्हा दुसरी पाहते, हे तिला सांगावं लागलं नाही. यशोदा रस्त्याकडे तोंड करून उभी. गावातून येणाऱ्या काळीपिवळी जीपचा हॉर्न ऐकू आला. ती गाडी गेली की सातच्या आत पोचवणारी दुसरी नाही, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. गाडी थांबली, ड्रायव्हरनं हाक दिली. यशोदानं हात हलवून त्याला जा म्हटलं.

मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि टोपली ओढून घेतली.

"ताई," ती म्हणाली. किती दिवसांनी. "तुमची स्कूटर आहे. तुमी जा. रेहानाले सांगजा, मले उशीर होईन."

"किती उशीर सांगू?" सुनंदानं विचारलं. तिचा अभ्यासच तसा झालेला होता.

यशोदा वेचायची थांबली. "किती ते नका सांगू," ती म्हणाली. "उशीर होईन म्हणा. तिले समजते."

मी सुनंदाला वॉर्डाच्या दारात सोडलं. रेहाना पर्स घेऊन उठलेलीच होती. सुनंदानं निरोप सांगितला, जसाच्या तसा, वेळ न घालता. रेहानानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या पदराला चिकटलेली फुलं पाहिली.

"ताई, तुमी वेचून आल्या का?"

"हो."

"तिनं बोलावलं?"

"नाई. मीच गेली."

रेहानानं पर्स टेबलावर ठेवली. "बसा मंग. तुमी चहा घ्या. माझा रोजा आहे, मी त्या कोपऱ्यातल्या पोरीची वेणी घालते, केसाचं घरटं झालं तिच्या." आणि ती गेली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षक होत्या. सुनंदानं नवं पत्रक मांडलं होतं, त्यात सगळ्यांच्या वेळा सरळ, सात, दोन, आठ. शेवटचा रकाना गायब. तिनं मला नंतर सगळं सांगितलं.

"यात लवचिकतेची तरतूद दिसत नाही," परीक्षक म्हणाल्या.

"आहे मॅडम. वॉर्डात आहे."

"कागदावर?"

"कागदावर ठेवली नाही."

"मग त्यावर नियंत्रण कुणाचं?"

"ज्या दोघींमध्ये ती आहे त्यांचं."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि काहीतरी लिहिलं. सुनंदा पास झाली. व्यवस्थापनात तिला सगळ्यांत कमी गुण मिळाले.

माझा स्वभाव असा, की अशा गोष्टीनंतर त्या जाडजूड पुस्तकाला हसून मोकळं व्हावं. पण ते खरं होणार नाही. पावसाळ्यात इन्चार्ज झाल्यावर सुनंदानं त्याच अक्षरांच्या आधारानं कागदांवर कागद लिहिले. किती खाटा, किती बाळंतिणी, रात्री एकटी सिस्टर, आणि शेवटी रात्रपाळीला दुसरी नर्स मिळवली. ते प्रेमानं मिळालं नसतं. प्रेमानं मागणारी माणसं त्या वॉर्डात आधी कितीतरी होऊन गेली होती. काही गोष्टी कागदावर आल्याशिवाय मिळतच नाहीत आणि काही कागदावर येताच हातातून जातात. कुठली कुठली, हे आधी ओळखायचं कसं, ते मी तिला विचारलं. "नाही ओळखता येत," ती म्हणाली. "एकदा चुकावं लागतं." हे उत्तर परीक्षेत लिहिलं असतं तर अजून काही गुण गेले असते.

रोजे दरवर्षी थोडे अलीकडे सरकतात. मोह आपल्या जागी राहतो. त्यामुळे ते दोन महिने आता एकमेकांपासून सुटले. यंदा मोह पडायला लागला तेव्हा ईद होऊन गेली होती. मला वाटलं, आता हिशेब बसणार नाही. यशोदानं लवकर यावं असं कारणच उरलं नाही, मग रेहानानं का थांबावं? मी सुनंदाला तसं बोललोही. मी वर्गात सोपा प्रश्न चुकलेल्या मुलाकडे जसा पाहतो, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

परवा सकाळी मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला वॉर्डात गेलो. तिथे नोट्स न्यायला येणाऱ्या मुलींपैकी एक प्रात्यक्षिकासाठी उभी होती, लॅपटॉप उघडून, वेळेच्या नोंदी करायला तयार. सात वाजून बराच वेळ झाला होता. रेहाना रात्रपाळी संपवून अजून तिथेच, एका म्हातारीची नखं कापत बसलेली. यशोदाचा पत्ता नव्हता.

"इन्चार्ज मॅडम कुठे आहेत?" त्या मुलीनं विचारलं. "मला उपस्थितीबद्दल थोडं विचारायचं होतं."

रेहानानं वर न पाहता वॉर्डाच्या टोकाच्या खोलीकडे बोट केलं. तिथे कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी होती. सुनंदा दाराकडे आणि घड्याळाकडे पाठ करून धुऊन आलेल्या चादरी एकेक उलगडत, पुन्हा घडी घालत उभी होती.

"ताई चादरी मोजून राह्यल्या," रेहाना म्हणाली. "मोहाच्या महिन्यात रोज मोजतात. कुमरे सिस्टर येतपर्यंत त्यायले काही विचारू नको."